अननुभवी प्रशिक्षकाची नियुक्ती आणि फुटबॉल रसिकांमधील वाद : मुंबईतील दोन नियुक्त्यांच्या संदर्भात

प्रस्तावना

फुटबॉलच्या संदर्भात सोलापूरचे नाव सहसा घेतले जात नाही. येथील क्रीडापरंपरा प्रामुख्याने तालमीची आणि क्रिकेटची आहे. तथापि २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग ही स्पर्धा सुरू झाल्यानंतर दूरचित्रवाणीच्या माध्यमातून हा खेळ महाराष्ट्राच्या जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचला आणि मुंबई, पुणे व गोवा येथील संघांना दूरच्या शहरांतही चाहते लाभले. पुण्याचा संघ २०१९ मध्ये बंद पडून त्याची जागा हैदराबादच्या संघाने घेतली, तेव्हा या दोन्ही शहरांना जोडणाऱ्या लोहमार्गावरील सोलापूरच्या प्रेक्षकाने एका दिशेचा संघ गमावून दुसऱ्या दिशेचा मिळवला, असे गमतीने म्हणता येईल.

संघ कोणताही असो, चाहत्यांमध्ये हमखास वाद निर्माण करणारी एक घटना असते. ती म्हणजे पूर्वी मुख्य प्रशिक्षकपद न सांभाळलेल्या व्यक्तीची त्या पदावर नियुक्ती. ‘ज्याने कधी संघ चालवला नाही त्याच्या हाती संघ का द्यावा?’ आणि ‘संधीच दिली नाही तर अनुभव येणार कोठून?’ या दोन प्रश्नांभोवती हा वाद फिरत राहतो. प्रस्तुत लेखात मुंबईतील दोन नियुक्त्यांच्या आधारे या वादाचे स्वरूप तपासले आहे. पहिली नियुक्ती निकोला अनेल्का यांची, मुंबई सिटी एफसी या संघावर २०१५ मध्ये झालेली. दुसरी तिच्या सहा वर्षे आधीची, २००९ मधील, मुंबई एफसी या वेगळ्या संघावरील खालिद जमील यांची. पहिलीचा गाजावाजा मोठा झाला. दुसरीची त्या वेळी क्वचितच कोणी दखल घेतली.

अनेल्का यांची नियुक्ती

निकोला अनेल्का हे फ्रान्सचे नामांकित आघाडीपटू होत. आर्सेनल, रेआल माद्रिद, लिव्हरपूल, मँचेस्टर सिटी, चेल्सी अशा अनेक मोठ्या संघांकडून ते खेळले. २०१४ च्या पहिल्या हंगामात ते मुंबई सिटी संघाचे खेळाडू होते. त्या हंगामात संघाचे प्रशिक्षक इंग्लंडचे पीटर रीड होते. सुंदरलँड, लीड्स, मँचेस्टर सिटी यांसारख्या संघांचे व्यवस्थापन आणि थायलंडच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षकपद असा दीर्घ अनुभव त्यांच्या गाठीशी होता. तरीही आठ संघांच्या स्पर्धेत मुंबई सातव्या स्थानी राहिली. जुलै २०१५ मध्ये रीड यांच्या जागी अनेल्का यांना ‘खेळाडू-व्यवस्थापक’ म्हणून नेमण्यात आले. म्हणजे मैदानात उतरणारा आणि मैदानाबाहेरून संघ चालवणारा मनुष्य एकच राहणार होता.

अनेल्का यांना प्रशिक्षणाचा अनुभव अजिबात नव्हता असे म्हणणे काटेकोर ठरणार नाही. २०१२ मध्ये चीनमधील शांघाय शेनहुआ या संघात प्रशिक्षक जाँ तिगाना गेल्यानंतर काही काळ त्यांच्याकडे ही जबाबदारी आली होती. परंतु पूर्ण हंगामासाठी संघाची बांधणी करण्याची ही त्यांची पहिलीच वेळ होती. शिवाय त्यांच्या पूर्वायुष्यातील एक घटना फुटबॉल पाहणाऱ्यांच्या स्मरणात ताजी होती. २०१० च्या विश्वचषकात दक्षिण आफ्रिकेत प्रशिक्षक रेमाँ दोमेनेक यांच्याशी झालेल्या वादानंतर त्यांना फ्रान्सच्या संघातून मायदेशी पाठवण्यात आले होते. प्रशिक्षकाचे न ऐकणारा खेळाडू आता स्वतःचे कोणास ऐकायला लावणार, हा प्रश्न त्यामुळे स्वाभाविक होता.

नियुक्तीच्या बाजूने मांडता येण्याजोगे मुद्देही दुर्बल नव्हते. भारतातील हवामान, प्रवास आणि खेळाडू यांची ओळख त्यांना एका हंगामात झालेली होती. ड्रेसिंग रूममध्ये त्यांच्या शब्दाला वजन होते. आणि समोर एक ताजे उदाहरण होते. इटलीचे विश्वविजेते बचावपटू मार्को मातेराझ्झी यांनी कोणत्याही पूर्वानुभवाशिवाय २०१४ मध्ये चेन्नईयिन संघाचे खेळाडू-व्यवस्थापकपद स्वीकारले होते आणि त्यांचा संघ साखळी फेरीत पहिला आला होता. केरळचा संघही त्याच वर्षी डेव्हिड जेम्स या खेळाडू-व्यवस्थापकाच्या हाताखाली अंतिम फेरीत पोहोचला होता. नावाजलेला खेळाडू प्रेक्षक खेचतो हा व्यापारी हिशेबही यामागे होता. तो मात्र उघडपणे कोणी मांडत नसे.

‘अनुभव’ या शब्दाचे दोन अर्थ

या वादातील गोंधळाचे मूळ एका शब्दात आहे. खेळण्याचा अनुभव आणि खेळवण्याचा अनुभव या दोन वेगळ्या गोष्टी असूनही चाहते दोहोंसाठी ‘अनुभव’ हाच शब्द वापरतात. परिणामी एकाच व्यक्तीला एक बाजू ‘जगातील सर्वोत्तम संघांचा अनुभव असलेला’ म्हणते आणि दुसरी ‘अननुभवी’ म्हणते. दोन्ही बाजू खरे बोलत असतात.

सोलापूर-कोल्हापूरच्या तालमीत हा भेद मोडीत निघतो, कारण तेथे वस्ताद हा बहुधा त्याच मातीत कुस्ती खेळून, मग वर्षानुवर्षे धाकट्या मल्लांना जोर-बैठका करवून, त्यांच्या खुराकाकडे लक्ष देऊन वस्तादपदाला पोहोचलेला असतो. खेळणे आणि खेळवणे यांच्यामध्ये एक लांब मधली पायरी तेथे आपोआप घडते. कोल्हापूरचे अनेक फुटबॉल संघ पेठांतील तालमींच्या नावाने ओळखले जातात, हे या दृष्टीने लक्षात घेण्यासारखे आहे. व्यावसायिक फुटबॉलमध्ये हीच मधली पायरी परवाना अभ्यासक्रम, युवा संघाचे प्रशिक्षण आणि साहाय्यक प्रशिक्षकपद या रूपांत असते. मोठ्या खेळाडूची थेट नियुक्ती म्हणजे ही पायरी ओलांडून मारलेली उडी होय. उडी कधी साधते, कधी साधत नाही.

परदेशात दोन्हींची उदाहरणे विपुल आहेत. फ्रान्झ बेकेनबाउर यांच्याकडे प्रशिक्षकाचा परवाना नव्हता, म्हणून १९८४ मध्ये पश्चिम जर्मनीने त्यांना ‘संघप्रमुख’ असे वेगळे पदनाम देऊन नेमले. त्यांचा संघ १९८६ मध्ये विश्वचषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला आणि १९९० मध्ये विश्वविजेता झाला. उलटपक्षी, दूरचित्रवाणीवर सामन्यांचे मार्मिक विश्लेषण करणारे गॅरी नेव्हिल यांना डिसेंबर २०१५ मध्ये स्पेनच्या व्हॅलेन्सिया संघाने प्रशिक्षक नेमले. बार्सिलोनाकडून ०-७ असा पराभव पत्करून मार्च २०१६ मध्ये त्यांना पद सोडावे लागले. आंद्रेआ पिर्लो यांना ऑगस्ट २०२० मध्ये युव्हेंटसने, युवा संघावरील नियुक्तीला पंधरवडाही उलटला नसताना, मुख्य संघ दिला. त्यांनी इटालियन चषक जिंकला. पण लीगमध्ये संघ चौथा आला आणि वर्षभरातच ते पदावरून गेले. अशा यादीतून प्रत्येक पक्षाला आपल्या सोयीचे उदाहरण मिळते, आणि म्हणूनच केवळ उदाहरणांनी हा वाद मिटत नाही.

सोळा गुण

२०१५ चा हंगाम ३ ऑक्टोबरला सुरू होऊन २० डिसेंबरला संपला. साखळीतील १४ सामने साधारण अडीच महिन्यांत उरकायचे होते. मुंबई सिटीच्या हंगामाचा चढउतार दोन सामन्यांत दिसतो. २८ ऑक्टोबरला नॉर्थईस्ट युनायटेडविरुद्ध मुंबईने ५-१ असा विजय मिळवला. सुनील छेत्री यांनी या सामन्यात केलेली हॅट्ट्रिक ही या स्पर्धेतील भारतीय खेळाडूची पहिली हॅट्ट्रिक होती. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, १७ नोव्हेंबरला, मडगावजवळील फातोर्डा मैदानावर हाच संघ गोव्याकडून ०-७ असा हरला. अनुभवी प्रशिक्षकाने पहिल्या तीन गोलांनंतर बचाव आवळून पडझड थांबवली असती, असे टीकाकारांना म्हणता येते. हे म्हणणे सिद्ध करता येत नाही आणि खोडूनही काढता येत नाही.

हंगामाअखेर मुंबई सहाव्या स्थानी राहिली. तिचे गुण होते १६. येथे एक बाब आवर्जून नोंदवली पाहिजे, कारण वादाच्या भरात तिच्याकडे दुर्लक्ष होते. आदल्या वर्षी दीर्घानुभवी पीटर रीड यांच्या हाताखाली १४ सामन्यांत मुंबईने मिळवलेले गुणही १६ च होते. ज्याला सर्व अनुभव होता आणि ज्याला जवळजवळ काहीच नव्हता, त्या दोघांच्या हाती एकच संख्या आली. स्थान सातव्यावरून सहाव्यावर गेले एवढाच काय तो फरक, आणि तोही इतर संघांच्या निकालांवर अवलंबून होता.

त्याच हंगामाच्या अंतिम सामन्यात या वादाची जणू जाहीर परीक्षा झाली. फातोर्डा येथे २० डिसेंबरला मातेराझ्झी यांचा चेन्नईयिन आणि ब्राझीलचे झिको यांचा गोवा समोरासमोर आले. चेन्नईयिन संघ हंगामाच्या मध्यावर गुणतक्त्यात तळाला गेला होता, आणि चेन्नईतील महापुरामुळे त्याला उपांत्य फेरीचा ‘घरचा’ सामना पुण्यातील बालेवाडीत खेळावा लागला होता. अंतिम सामन्याच्या अखेरच्या मिनिटांत पिछाडी भरून काढून त्याने ३-२ असा विजय मिळवला. अननुभवी पक्षाचा हा विजय मानावा, तर दुसऱ्या बाजूला झिको यांचाच इतिहास उभा राहतो. २००२ मध्ये जपानने त्यांना राष्ट्रीय संघ दिला तेव्हा मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांच्याकडे सांगण्यासारखे फारसे नव्हते. २००४ मध्ये त्यांनी जपानला आशियाई चषक जिंकून दिला. २०१५ चा ‘अनुभवी’ हा २००२ चा ‘अननुभवी’ होता.

मुंबईने २०१६ मध्ये पुन्हा अनुभवाची वाट धरली. कोस्टा रिकाला २००२ व २००६ या दोन विश्वचषकांत नेणारे अलेक्झांद्रे गिमारेस आले. संघ २३ गुणांसह साखळीत पहिला आला आणि उपांत्य फेरीत कोलकात्याकडून हरला. चाहत्यांच्या दृष्टीने अनुभवाचे महत्त्व येथे सिद्ध झाले. परंतु पुढच्या, अधिक लांबलेल्या हंगामात हेच गिमारेस असताना संघ सातवा आला.

कूपरेजवरील दुसरी नियुक्ती

अनेल्का यांच्या नियुक्तीचा वाद रंगला तेव्हा त्याच शहरात त्याच प्रश्नाचे दुसरे उदाहरण सहा वर्षे डोळ्यांसमोर होते. खालिद जमील हे महिंद्रा युनायटेड व एअर इंडिया या मुंबईच्या संघांकडून आणि भारताकडून खेळलेले मध्यरक्षक. दुखापतींमुळे त्यांची खेळाडू म्हणून कारकीर्द लवकर आटोपली. २००९ मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी, ते मुंबई एफसी या आय-लीगमधील संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. पूर्वी असे पद त्यांनी भूषवले नव्हते. काटेकोरपणे पाहता ते अनेल्का यांच्याइतकेच ‘अननुभवी’ होते, आणि त्यांच्यापाशी अनेल्का यांची कीर्तीही नव्हती.

फरक होता तो काळाचा. जमील यांना सात हंगाम मिळाले. कूपरेजसारख्या छोट्या मैदानावर, मोठी नावे विकत घेण्याची ऐपत नसलेल्या संघाला ते दरवर्षी आय-लीगमध्ये टिकवून धरीत राहिले. बचावावर भर देणारा त्यांचा खेळ पाहायला कंटाळवाणा वाटतो अशी तक्रार होत असे, आणि ती सर्वस्वी निराधार नव्हती. या सात वर्षांत ते जे शिकले ते अडीच महिन्यांच्या स्पर्धेत कोणालाही शिकता येणे शक्य नाही. २०१६ मध्ये मुंबई एफसीने त्यांना दूर केले. मिझोरामच्या ऐझॉल एफसीने त्यांना घेतले. आदल्या हंगामात पदावनत ठरून, काही संघांच्या माघारीमुळे पुन्हा आय-लीगमध्ये आलेला हा संघ होता. जमील यांनी आशुतोष मेहता, जयेश राणे असे मुंबई एफसीतील जुने सहकारी सोबत नेले. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँग लाजाँगविरुद्ध १-१ अशी बरोबरी साधून, मोहन बागानपेक्षा एका गुणाने पुढे राहत, ऐझॉल आय-लीगचा विजेता झाला. त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला गेली.

येथे चाहत्यांच्या वादातील एक मोठी उणीव उघड होते. इंडियन सुपर लीगच्या २०१४ व २०१५ या दोन्ही हंगामांची सुरुवात करताना आठही संघांचे मुख्य प्रशिक्षक परदेशी होते. भारतीय प्रशिक्षक होते ते साहाय्यक म्हणून. भारतीय व्यक्तीला एवढ्या मोठ्या स्पर्धेचा अनुभव नाही, हे कारण सर्वमान्य होते. परंतु ज्या स्पर्धेत ‘अनुभव नाही’ म्हणून सहा-सहा हंगाम आय-लीगचा संघ चालवणाऱ्या भारतीयाला पद मिळत नव्हते, त्याच स्पर्धेत एकही पूर्ण हंगाम न चालवलेल्या परदेशी खेळाडूला ते मिळत होते. अनुभवाची अट सर्वांना सारखी लावली जात नव्हती. अनेल्का यांच्या क्षमतेवर तावातावाने बोलणाऱ्या दोन्ही बाजूंनी हा प्रश्न विचारला असता तर वादाला वेगळे वळण लागले असते. जमील यांना या स्पर्धेत मुख्य पद मिळण्यास २०२१ साल उजाडले. जानेवारी २०२१ मध्ये हंगामी प्रशिक्षक म्हणून त्यांनी नॉर्थईस्ट युनायटेडला उर्वरित साखळीत अपराजित ठेवून बाद फेरीत नेले, आणि त्या वर्षी ते या स्पर्धेतील पहिले कायम भारतीय मुख्य प्रशिक्षक झाले. पुढच्या हंगामात मात्र त्यांचा संघ अकरा संघांत दहावा आला, हेही नमूद केले पाहिजे.

पाठबळाचा प्रश्न

नवख्या प्रशिक्षकाचे यश त्याच्याभोवतीच्या व्यवस्थेवर किती अवलंबून असते, हे मुंबई सिटीच्याच पुढील इतिहासात दिसते. नोव्हेंबर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालक समूहाने या संघाचा ६५ टक्के हिस्सा घेतला. अनुभवी सर्जिओ लोबेरा यांच्या हाताखाली २०२०-२१ मध्ये संघाने साखळी ढाल आणि विजेतेपद दोन्ही जिंकले. त्यांच्यानंतर समूहाच्याच मेलबर्न सिटी संघातील साहाय्यक डेस बकिंगहॅम यांना आणण्यात आले. पहिल्या हंगामात संघ पाचवा आला आणि बाद फेरी हुकली. आदल्या हंगामाच्या कोणत्याही मोजमापाने ही घसरण होती. परंतु त्यांना ठेवण्यात आले. एप्रिल २०२२ मध्ये इराकच्या हवाई दल संघाला २-१ असे हरवून मुंबई सिटी आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय संघ ठरला, आणि २०२२-२३ मध्ये साखळी ढाल पुन्हा मुंबईकडे आली.

बकिंगहॅम २०२३ च्या अखेरीस इंग्लंडला परतले तेव्हा मेलबर्नचेच दुसरे साहाय्यक पेत्र क्रात्की हंगामाच्या मध्यावर आले. मुख्य प्रशिक्षक म्हणून ही त्यांची पहिलीच मोठी जबाबदारी होती. ४ मे २०२४ रोजी कोलकात्यात, मोहन बागानला त्यांच्याच मैदानावर ३-१ असे नमवून त्यांनी विजेतेपद मिळवले. या दोघांच्या नावाला वलय नव्हते. मात्र वर वर्णिलेली मधली पायरी त्यांनी चढलेली होती, आणि खेळाडूंची निवड, शारीरिक तयारी व प्रतिस्पर्ध्यांचा अभ्यास करणारी यंत्रणा त्यांना तयार मिळाली होती. २०१५ च्या खेळाडू-व्यवस्थापकाला हे सर्व करून वर स्वतः खेळायचेही होते.

चाहत्याचे स्थान

या साऱ्यात चाहत्याला नेमका अधिकार कोणता? बार्सिलोना हा सभासदांच्या मालकीचा क्लब आहे. २००८ मध्ये तेथे केवळ एक वर्ष दुय्यम संघ चालवलेल्या पेप ग्वार्दिओला यांना मुख्य संघ देण्यात आला. त्याच वर्षी जुलैमध्ये अध्यक्ष जुआन लापोर्ता यांच्यावर अविश्वास ठराव आला आणि मतदान करणाऱ्या सभासदांपैकी सुमारे ६० टक्के त्यांच्या विरोधात गेले. दोनतृतीयांश मते न पडल्यामुळेच ते वाचले. पहिला लीग सामना बार्सिलोना न्युमान्सियाकडून ०-१ असा हरला. हंगामाअखेर संघाने लीग, स्पॅनिश चषक आणि चॅम्पियन्स लीग असे तिहेरी यश मिळवले. सभासदांची नाराजी चुकीची ठरली असे म्हणता येईल. पण ती मोजली गेली, आणि अध्यक्षाला आपल्या निर्णयांसाठी सभासदांसमोर उभे राहावे लागले.

भारतातील व्यावसायिक संघांच्या चाहत्याला असे मत नाही. मुंबई सिटीच्या ‘वेस्ट कोस्ट ब्रिगेड’सारखे संघटित चाहते गोलपोस्टमागे उभे राहून नव्वद मिनिटे गातात, फलक धरतात, परगावच्या सामन्यांना जातात. नियुक्ती मात्र त्यांना बातमीतूनच कळते. त्यामुळे त्यांचा वाद प्रशिक्षकाभोवती केंद्रित होतो, कारण दिसणारी व्यक्ती तीच असते. ज्याने ती नेमली, तिला किती काळ व किती साधने दिली, तो पडद्याआड राहतो. प्रशिक्षकाला हटवा ही घोषणा सोपी आहे. त्याला किती सामन्यांची मुदत दिली आहे, ही विचारणा क्वचितच ऐकू येते.

हाच वाद १ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रीय पातळीवर आला. भारताच्या मुख्य प्रशिक्षकपदासाठी अखेरच्या तीन नावांत स्टीफन कॉन्स्टंटाइन, स्टेफान टार्कोविच आणि खालिद जमील होते. पहिल्याने यापूर्वी दोनदा भारताचा संघ सांभाळला होता. दुसऱ्याने स्लोव्हाकियाला युरोपीय स्पर्धेत नेले होते. जमील यांना आंतरराष्ट्रीय संघाचा अनुभव शून्य होता. महासंघाने जमील यांना निवडले. कूपरेजवरील नियुक्तीला तेव्हा सोळा वर्षे झाली होती आणि ते पुन्हा एकदा ‘अननुभवी’ ठरले होते. पुढच्याच महिन्यात मध्य आशियातील काफा नेशन्स चषकात भारताने ओमानला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून तिसरे स्थान मिळवले. १४ ऑक्टोबरला, अनेल्का यांच्या संघाने सात गोल स्वीकारले त्याच फातोर्डा मैदानावर, भारत सिंगापूरकडून १-२ असा हरला आणि २०२७ च्या आशियाई चषकाची वाट बंद झाली. नियुक्तीला तेव्हा अडीच महिने झाले होते.